प्रौढांसाठी, प्रात्यक्षिकासह

मुलांनो, डोळे मिटा. हो, तुम्हीच! टक्कल पडलं, चष्मे लागले, तुमची पोरं कॉलेजात गेली तरी माझ्यासाठी तुम्ही मुलंच. (ज्यांची दहावी अजून व्हायची आहे त्यांनी मात्र हे पान उलटून पुढच्या कोड्याकडे जावं. उलटलं? शाबास.)

तर कल्पना करा. तुम्ही अडुसष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षिका आहात. अंबरनाथ पूर्वेत तुमचा शब्द मोडेल असा माणूस अजून जन्माला यायचाय. रविवारची दुपार आहे. वाचनालयाच्या हॉलमध्ये चौतीस बायका मांडीवर पाट्या घेऊन बसल्या आहेत आणि समोरच्या दहा फुटी पडद्यावर एका परक्या पुरुषाच्या पँटकडे टक लावून पाहत आहेत. आणि हे सगळं तुम्हीच घडवून आणलंय! स्वतःच्या वळणदार अक्षरात निमंत्रण लिहून!

उघडा डोळे. माझे तेव्हा उघडले होते, तसे.

माझी समज आणि माझं अक्षर, या दोन गोष्टींबद्दल मला आयुष्यात कधी शंका आली नाही. समोरच्याने तोंड उघडलं की तो काय बोलणार हे मला आधीच कळतं. उगाच नाही चाळीस वर्षं शिकवलं! दिवसा शाळा, आणि एक्क्याण्णव सालापासून संध्याकाळी प्रौढ स्त्रियांचा साक्षरता वर्ग. उल्हासनगर कॅम्प तीनच्या जीन्स कारखान्यांतल्या निम्म्या बायका आज अंगठा न उठवता सही करतात, ती माझ्यामुळे. हे मी सांगत नाही, त्याच सांगतात. मी फक्त त्यांना आठवण करून देते.

तर एका मंगळवारी फोन आला.

"बाई, ओळखलंत का? मी भावना. तिसरी ब."

ओळखणार नाही तर काय! पहिल्या बाकावरची, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत हात वर करणारी भावना. एकदा मी विचारलं, "सूर्य पूर्वेला..." आणि ही उभी राहून ओरडली, "उगवतो!" माझा प्रश्न होता, 'सूर्य पूर्वेला उगवताना आपली सावली कोणत्या दिशेला पडते?' तिला दहा वेळा लिहायला लावलं होतं, 'पूर्ण प्रश्न ऐकल्याशिवाय मी हात वर करणार नाही.' पोरीने नऊ वेळा लिहून वही पुढे केली. मी मोजलं. दहावी ओळ लिहून घेतली, मगच घरी सोडलं. आता ती चौतीस वर्षांची आहे, अंधेरीला असते, बारा वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांत मदतनीस म्हणून राबली.

"बाई, मी स्वतःचा सिनेमा केलाय!"

"शाबास!"

"मोठा स्टुडिओ आहे, दिवाळीला ज्यांचे मारामारीचे सिनेमे लागतात ना, तो. त्यांनी बायकांसाठी वेगळा विभाग काढलाय. कारण बाई, आजवर बायकांना नक्की काय हवं ते कोणी विचारलंच नाही."

"हेच! हेच मी एक्क्याण्णव सालापासून ओरडतेय!"

"खरंच?" भावना चकित झाली. "तर माझा सिनेमा प्रौढ स्त्रियांसाठी आहे, पण जरा..."

"अगं, पण काय नि जरा काय! प्रौढ स्त्रियांसाठी माझी हयात गेली!"

"नाही बाई, त्यात काही प्रसंग असे आहेत की बायका लाजतील."

"लाजतातच. पहिल्या दिवशी सगळ्या लाजतात. मग मी हात धरून शिकवते."

पलीकडे तिला ठसका लागला. मला वाटलं, पोरीला गहिवरून आलं.

"बाई, तुम्ही... तुम्ही इतक्या मोकळ्या असाल असं वाटलं नव्हतं हो. आणि पुरुष नकोत तिथे."

"मुळीच नकोत! नवरा समोर असला की बाईचं लक्ष लागत नाही."

मग तिने खरी अडचण सांगितली. स्टुडिओने आजवर चाचणीचे सगळे खेळ मॉलमध्ये, कॉफी पिणाऱ्या मुलींसमोर केले. वरच्या साहेबांचं म्हणणं, 'कल्याणच्या पुढच्या बायका असला सिनेमा बघणार नाहीत. मध्यंतराच्या सुट्टीआधीच उठून जातील.' भावना भांडली, 'माझ्या बायका कल्याणच्या पुढेच राहतात!' तेव्हा साहेबांनी अट घातली. इथल्या निदान तीस बायकांना सिनेमा दाखवायचा. सुट्टीपर्यंत दहाजणी उठून गेल्या तर सिनेमा भावनाच्या हातून काढून दुसऱ्या अनुभवी माणसाकडे द्यायचा. तो त्यातलं अर्धं कापणार, चार गाणी घालणार, आणि नावही स्वतःचं लावणार.

"बारा वर्षं, बाई," ती म्हणाली. "तीस बायका मिळतील?"

"तीस? चौतीस देते! आणि माझ्या वर्गातून आजवर एक बाई उठून गेलेली नाही. ठेव फोन!"

आता मला सांगा, चूक कुठे होती? प्रौढ शिक्षण, प्रौढ साक्षरता, प्रौढांचा वर्ग. 'प्रौढ' म्हटलं की माझ्यासमोर पाटीच येते! दुसऱ्या कुणासमोर दुसरं काही येत असेल तर तो त्याचा दोष.

मी कामाला लागले. कॅम्प तीनमधून कौसाबाई स्वतःसकट बाराजणी आणणार होत्या. कौसाबाई म्हणजे वय बासष्ट, माझ्या पहिल्या तुकडीतल्या. तीस वर्षं जीन्सला चेन बसवतात. दिवसाला दोनशे चेनी, तोंड त्याहून जोरात. आनंदनगरच्या पॅकिंग कारखान्यातून शीलाही स्वतःसकट बाराजणी आणणार होती. आणि माझ्याच वर्गात शिकलेल्या बदलापूरच्या माईंचं भजनी मंडळ, माई धरून बरोबर दहा. माईंनी विचारलं, "टाळ आणू का?" मी म्हटलं, "आणा, सुरुवातीला एक प्रार्थना होऊन जाऊ दे."

पस्तीस पाट्या विकत आणल्या. प्रमुख पाहुणे म्हणून शंकररावांना बोलावलं. ते प्रौढ शिक्षणाचे निवृत्त अधिकारी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, ऐकायला थोडं कमी येतं, पण बोलायला अजिबात कमी पडत नाहीत. आणि शनिवारी सकाळी वाचनालयाच्या फाटकावरच्या फळ्यावर मी स्वतः, रंगीत खडूने, फुलांची नक्षी काढून लिहिलं:

'प्रौढ महिलांसाठी खास चित्रपट!
प्रात्यक्षिकासह.
लाजू नका, संकोच सोडा.
लहान मुले व नवरे आणू नयेत.
शिकलेल्या प्रत्येकीने शेजारणीला शिकवावे.
आपली, मालिनीबाई.'

दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही!

संध्याकाळपर्यंत त्या फळ्याचा फोटो शहाडपासून बदलापूरपर्यंत प्रत्येकाच्या फोनमध्ये पोहोचला. शाळेच्या निकालाला कधी एवढी प्रसिद्धी मिळाली नव्हती. रविवारी दुपारी पाहते तर फाटकाबाहेर साठ-सत्तर पुरुष उभे! मला भरून आलं. पुरुषांनाही स्त्रीशिक्षणाची एवढी कळकळ! एक दुकानदार हात जोडून म्हणाला, "बाई, पुरुषांची बॅच कधी?"

"तुम्ही तर शिकलेले आहात ना?"

"शिकलोय, पण बायको म्हणते काही येत नाही!"

त्याचं नाव मी प्रामाणिकपणे वहीत लिहून घेतलं.

शिळफाट्याच्या कोंडीमुळे भावना आणि स्टुडिओचा माणूस अगदी ऐनवेळी पोहोचले. स्टुडिओचा माणूस म्हणजे अनीश, तिशीतला, हातात लॅपटॉप, चेहऱ्यावर 'इथून परतीची गाडी कधी' असा भाव. भावना फाटकाशी आली, फळा वाचला आणि तिथेच थिजली. एखाद्या पोराने प्रगतिपुस्तक उघडून थिजावं, तशी.

"बाई... हे प्रात्यक्षिकासह म्हणजे?"

"सिनेमा संपला की प्रत्येकीकडून करून घेणार. नुसतं पाहून काय उपयोग?"

"बाई, मला तुमच्याशी दोन मिनिटं बोलायचंय. आत्ता."

"नंतर! पाहुणे खोळंबलेत."

शंकररावांनी समई लावली, माईंनी टाळ वाजवून प्रार्थना म्हटली आणि शंकरराव माइकसमोर उभे राहिले. "भगिनींनो! आज देशाला अशाच चित्रपटांची गरज आहे! मी स्वतः गावोगाव फिरून हे कार्य केलं. दिवसभर शेतात राबून दमलेल्या बायका, पण माझ्याकडे यायला कधी कंटाळल्या नाहीत!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. भावनाने डोळे मिटले. अनीशने तिच्या कानात विचारलं, "ये अंकल अपने प्रमोशन टीम के हैं क्या?"

मग मी शंकररावांना नियमाप्रमाणे बाहेर बसवलं आणि बायकांना वर्गाचे नियम सांगितले, जे मी तीस वर्षं सांगत आले. "न कळणं हा गुन्हा नाही. कळलं नाही तर हात वर करायचा, आपण परत दाखवू. आणि एकीने प्रश्न विचारला की बाकीच्यांनी उभं राहायचं नाही, जागेवर बसून ऐकायचं."

अनीश म्हणाला, "मॅडम, सिनेमा मध्ये थांबवत नाहीत."

"माझ्या वर्गात थांबवतात," मी म्हटलं. विषय संपला. दिवे गेले.

सिनेमा सुरू झाला. समुद्राकाठी एक घर, त्यात बेचाळीस वर्षांची एकटी बाई. मी मनात म्हटलं, ही निरक्षर. मग घराला रंग द्यायला एक रंगारी आला. जीन्स घातलेला, उंच. हातात ब्रश. अहाहा! हा भिंतीवर अक्षरं काढणार आणि बाई शिकणार! काय कल्पक पोरगी आहे माझी!

रंगाऱ्याने शर्ट काढला.

गरम होत असेल. किनारपट्टीला उकडतं फार.

मग ती बाई हळूच मागून आली. तिने निळ्या रंगात बोट बुडवलं आणि त्याच्या उघड्या पाठीवर एक रेघ ओढली. मला राहवेना. मी अंधारातच ओरडले, "बघा, बघा! बोटाने गिरवायचं! वाळूत गिरवतो तसंच! पाटी नसली म्हणून अडत नाही!"

चौतीस बायकांनी एकदम श्वास आत घेतला.

मी 'अ'ची वाट पाहत होते. रेघ मानेपासून निघाली, पाठीच्या मधोमध आली, कमरेला पोहोचली, आणि थांबायचं काही लक्षण दिसेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा 'अ' नाही. हा मुळाक्षरांतलाच प्रकार नाही!

रंगारी वळला. दोघांची तोंडं जवळ आली. बदलापूरच्या एका बाईच्या हातातून टाळ निसटला. छन्न!

मुलांनो, चाळीस वर्षांत मी वर्गात पहिल्यांदा खाली बसले. कुणी सांगितलं नसताना. एका क्षणात सगळा फोन आठवला. 'हात धरून शिकवते.' 'नवरा समोर असला की लक्ष लागत नाही.' आणि फळा! माझा फळा! शेजारणीला शिकवावे!

मी भावनाकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती बायकांकडे बघत होती, हाताची नखं तळव्यात रुतवून. शाळेत निकाल वाचायच्या आधी बसायची ना, अगदी तशी. आणि तिच्या मागे अनीश दाराशी स्टूल टाकून बसला होता, मांडीवर कागद, हातात पेन.

तेवढ्यात माई उठल्या. "मालिनीताई, आम्ही निघतो. हे तुम्ही प्रार्थनेआधी सांगायला हवं होतं."

त्यांच्यामागे त्यांचं मंडळ उठलं. एक, दोन, तीन... मोजायची गरजच नव्हती. माई धरून बरोबर दहा!

मी धावत जाऊन दारात उभी राहिले, हात आडवे करून. "वर्ग सुटल्याशिवाय कोणी बाहेर जाणार नाही!"

"मॅडम, अडवणं अलाउड नाही," अनीश म्हणाला. पेनाचं टोपण निघालं होतं. "जाणाऱ्याला जाऊ द्या. मी फक्त मोजणार."

मी हात खाली घेतले. बारा वर्षं एका पोरीने राबावं आणि तिच्याच बाईंच्या अतिशहाणपणामुळे सगळं दहा टाळकरणींच्या पायांखाली जावं! माईंचा एक पाय उंबऱ्यावर पडला.

"ओ बाई!" काळोखातून आवाज आला. "मागे घ्या! कळलं नाही."

सगळ्यांच्या माना वळल्या. पहिल्या रांगेत कौसाबाई. हात ताठ वर.

आता नियम म्हणजे नियम. मी कडाडले, "प्रश्न आलाय! सगळ्यांनी बसून घ्या!" आणि तीस वर्षांची सवय बघा, सगळ्यांत आधी माईच खाली बसल्या. उंबऱ्यावरच.

अनीशने बधिर झाल्यासारखा सिनेमा मागे घेतला. पडद्यावर पुन्हा मिठी, पुन्हा ती बाई रंगाऱ्याच्या जीन्सपर्यंत पोहोचली, बटण निघालं, तिने चेन ओढली. चेन अर्ध्यावर अडकली. बाई हसली, रंगारी हसला, ती ओढतेय आणि चेन काही सुटत नाही.

"परत," कौसाबाई म्हणाल्या.

परत झालं.

"अजून एकदा. आणि जरा हळू."

अनीश माझ्याकडे झुकला. "मॅडम, वय किती यांचं?" त्याने कुजबुजत विचारलं.

"बासष्ट."

"बासष्ट!" त्याने लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

इकडे बायकांत चुळबुळ सुरू झाली. कौसाला असं काय दिसलं जे आपल्याला दिसलं नाही? शीलाने चष्मा लावला. माई उंबऱ्यावरून उठल्या आणि मला वाटलं, गेल्या! पण त्या पुढे येऊन दुसऱ्या रांगेत बसल्या. "मागून नीट दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या, कुणी विचारलं नसताना.

"थांबवा! इथेच थांबवा!" कौसाबाई ओरडल्या. चित्र थांबलं. दहा फुटी पडदा, त्यावर दीड फुटाची चेन! कौसाबाई उठल्या, पदर खोचला, थेट पडद्यापाशी गेल्या आणि त्या चेनीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही माझी आहे!"

शीलाचा चष्मा नाकावरून घसरला.

"कौसा, काय बोलतेस काय!" माई म्हणाल्या. "नातवंडं आहेत तुला!"

"अहो माई, चेन! चेन माझ्या हातची आहे! हे बघा, खाली तीन उलटे टाके आणि चौथा तिरका. असा तिरका टाका अख्ख्या कॅम्प तीनमध्ये माझ्याशिवाय कोण मारत नाय. सेठ रोज बोलतो, 'कौसा, ये चौथा क्यूँ डालती है, टाइम खोटी होता है.' त्या चौथ्या टाक्याने चेन अडकत नाय, म्हणून डालती! तीस वर्षांत माझी एक चेन परत आलेली नाय. आणि हे काय दाखवताय तुम्ही? अडकली? सेठने बघितलं तर उद्या मला घरी बसवील!" मग त्या अनीशकडे वळल्या. "कोणी अडकवली?"

अनीशने भावनाकडे बोट केलं. भावनाने अनीशकडे.

"मावशी, मी नाही अडकवली," भावना म्हणाली. आवाज बारीक होता, पण सरळ. "मी आधी तशीच घेतली होती, एका ओढीत उघडणारी. जीन्स तुमच्याच कॅम्पमधून आणली होती. ऑफिसातले म्हणाले, बायकांना अवघड वाटेल, थोडं हसू घाला. म्हणून चेन दोऱ्याने बांधून पुन्हा शूटिंग केलं."

"बांधली?" कौसाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "माझी चेन बांधली? का रे बाबा? ती बाई बेचाळीस वर्षांची, घर तिचं, दार तिने लावलेलं, माणूस तिला आवडलेला. ती कशाला अडखळेल? चेन नाय अडकली, तुमचं घोडं अडलंय!"

बायका अशा हसल्या की टाळ आपोआप वाजले. शीला उठली. "आणि ओ दादा, आम्हाला अवघड वाटेल हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"रिपोर्ट आहे ना, मॅडम. रिसर्च."

"कोणाला विचारून केला?"

अनीश काहीतरी पुटपुटला. त्यात 'मॉल' एवढंच ऐकू आलं.

"मग चेनीचं ठरलं ना?" माई म्हणाल्या. "आता पुढे लावा. त्या रंगाऱ्याचं काय होतं?"

सिनेमा पुढे सुरू झाला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि सांगते, पुढचं वाईट नव्हतं. रंगारी घाई करत नव्हता. त्या बाईला मध्येच हसू आलं तर तो थांबत होता, काय झालं म्हणून विचारत होता, आणि उत्तर पूर्ण ऐकत होता. (हा मुद्दा माझ्याही लक्षात आला. गप्प बसा.) बायकांचं एवढं लक्ष मी पाढे घेतानाही पाहिलं नव्हतं. दोघी-तिघींनी पाटीवर काहीतरी टिपूनसुद्धा घेतलं. काय, ते मी विचारलं नाही.

आणि तेवढ्यात खिडकीतून शंकररावांचा आवाज आला. बाहेरच्या साठ-सत्तर पुरुषांना ते आपला अनुभव सांगत होते.

"अहो, मी एका वेळी बारा-बारा बायकांना शिकवलंय! कोणी लाजली तर मी स्वतः प्रात्यक्षिक करून दाखवायचो! सरकारने माझा सत्कार केलाय!"

बाहेर टाळ्या आणि शिट्ट्या! कुणीतरी ओरडलं, "काका, तुम्हीच आमचे गुरू!"

मी दार उघडून धावले. शंकररावांना आधी खुर्चीसकट पुस्तकांच्या खोलीत नेऊन ठेवलं. मग फाटकाशी उभी राहून शाळेतला आवाज लावला. "सगळ्यांनी एका रांगेत! ज्याला आत यायचंय त्याने आधी सगळी व्यंजनं क्रमाने म्हणायची! चला, क, ख, ग, घ..."

'ङ' आला आणि निम्मे गेले. 'ञ'पर्यंत फाटक मोकळं! बॅच विचारणारा दुकानदार तेवढा 'ण'पर्यंत टिकला. त्याची कळकळ खरी होती म्हणायची.

सुट्टी झाली. अनीश कागद घेऊन बाहेर आला, केस विस्कटलेले. "मॅडम, अंधेरीत एकाही प्रेक्षकाने 'मागे घ्या' म्हटलं नाही. इथे तीन वेळा! माईंनी तर विचारलं, दुसरा भाग कधी येणार. मी आत्ताच ऑफिसला फोन केला. सिनेमा भावनाकडेच राहणार. आणि चेनवाला सीन तिने पहिला घेतला होता तसाच लागणार."

"आणि उठून किती गेल्या?" मी छाती काढून विचारलं. "माझ्या वर्गातून आजवर एक बाई उठून गेलेली नाही, लिहा तसं!"

त्याने कागद पुढे केला. 'सुट्टीआधी बाहेर गेलेल्या: एक.'

"कोण ती?"

"तुम्ही, मॅडम."

तो आत गेला. आतून बायकांचा गलका ऐकू येत होता. कौसाबाई आपली पाटी सगळ्यांना दाखवत फिरत होत्या. त्यावर मोठ्या, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'चेन अडकत नाही.' माझ्या वर्गात ती बाई फक्त सही शिकली होती. बाकीचं कधी शिकली, देव जाणे. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मी फळा पुसायला घेतला. पदरानेच. 'प्रात्यक्षिकासह' लवकर जाईना, मी फार ठसवून लिहिलं होतं. मागे चाहूल लागली. भावना होती. मी वळले नाही.

"भावना, त्या दिवशी फोनवर तू सांगत होतीस ना..."

"हो, बाई."

"आणि मी..."

"हो, बाई."

ती वाकली, माझ्या पायांना हात लावला. डोळे ओले होते तिचे. मला वाटलं, आता पोरगी गळ्यात पडणार, आणि मी तिच्या डोक्यावरून फिरवायला हात उचललासुद्धा. तिने त्या हातात खडू ठेवला.

"दहा वेळा, बाई," ती म्हणाली. "'समोरच्याचं वाक्य पूर्ण झाल्याशिवाय मी उत्तर देणार नाही.'"

मी लिहिलं. काय करणार? नियम माझाच होता. भर फाटकावर, रंगीत खडूने, वळणदार अक्षरात लिहिलं, हात झटकले आणि आत जायला निघाले.

भावना तिथेच उभी होती. एकेका ओळीवर बोट ठेवत ती खालपर्यंत आली.

"बाई," ती म्हणाली, "नऊच झाल्यात."